पाटी काढा, वही भरा : तालुक्यातल्या मेडिकलवाल्यांना आणि डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
आमच्या तालुक्याची औषध विक्रेता संघटना;
तसेच गावात दवाखाना चालवणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात दोन मेडिकलवर धाड पडली. त्यानंतर आठवड्याच्या आत आपल्या बाजारपेठेतल्या जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या काचेवर एक पाटी लागली : ‘येथे ट्रामाडॉल व तत्सम गोळ्या मिळणार नाहीत. कृपया वाद घालू नये.’ ट्रामाडॉल म्हणजे अफूच्या घराण्यातली दुखण्याची गोळी. बैठकीत तसा ठराव झाला म्हणे. त्याच बैठकीपुढे मी एक अर्ज आणि सोबत एक पोस्टर दिलं होतं. ते ‘विषयपत्रिकेवर नाही’ म्हणून परत आलं. पोस्टरवर काय होतं? दुखण्याच्या गोळीची सवय लागलीय हे कसं ओळखायचं याच्या काही ओळी आणि दोन फोन नंबर. एका सभासदांनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं, “ताई, असलं काही लावलं की गिऱ्हाईक बिचकतं. आणि आपल्या गावात कुठं आहेत असले लोक?”

आहेत. मी आहे.

तुमच्यापैकी निम्म्यांचा रोजचा भरणा मी मोजते. पतसंस्थेच्या दुसऱ्या खिडकीवर एकोणीस वर्षं बसतेय. वय ४६. घरात दोन मुलं, नवरा, सासूबाई. आयुष्यात कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. आणि तीन वर्षं मी त्याच गोळीवर होते, जी आता तुम्ही काचेवर नाव लिहून हद्दपार केलीत. नाव खाली लिहीत नाही, मुलीचं लग्न व्हायचंय. पण गाव लहान आहे, ज्यांना कळायचं त्यांना दुसऱ्या ओळीतच कळलं असेल.

सुरुवात अगदी साधी. कंबरेतली गादी सरकली, नस दबली, डाव्या पायात मुंग्या. ऑपरेशन झालं आणि घरी जाताना पन्नास मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळाल्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. गोळी वाईट नव्हती हे मी आजही म्हणेन. त्या पंधरा दिवसांत तिच्यामुळेच मी कूस बदलू शकले. पण तिनं दुखणं थांबवलं त्याबरोबर आणखी काही थांबवलं. सासूबाईंचं बोलणं आत पोचायचं नाही. कॅश टॅली होत नसली की छातीत जे धडधडायचं, ते व्हायचं नाही. नशा म्हणतात तसलं झिंगणं वगैरे काही नाही हो, फक्त सगळं एक हात लांब गेल्यासारखं. दीड महिन्यानं कंबर बरी झाली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, गोळ्या किती दिवस? ते दुसऱ्या पेशंटचा फोटो उजेडाला धरून बघत होते. म्हणाले, “चालू ठेवा.”

या दोन शब्दांवर मी तीन वर्षं काढली. ती चिठ्ठी घडीवर फाटली, मी तिला चिकटपट्टी लावली. पुढे पुढे ती दाखवायचीही गरज उरली नाही. मला बघितलं की काउंटरवरचा मुलगा मागे वळून पट्टी काढायचा.

दोनाच्या चार, चाराच्या सहा झाल्या. शरीर सरावतं, मग तेवढ्यानं भागत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं दुखणं वाढतंय. शेवटच्या वर्षात रोज एक अख्खी पट्टी लागायची, म्हणजे दहा कॅप्सूल, पाचशे मिलिग्रॅम. दिवसाला चारशेच्या वर जाऊ नये असं त्या गोळीबरोबरच्या माहितीत छापलेलं असतं. मी ते वाचलं होतं, आणि वाचून पट्टी पुन्हा मसाल्याच्या डब्याखाली सारली होती. चार दुकानांचं वेळापत्रक डोक्यात होतं : सोमवारी स्टँडसमोर, बुधवारी दवाखान्याखालचं, असं. एका दुकानात लागोपाठ दोनदा जायचं नाही. कॅशियरची अक्कल, दुसरं काय. पाचवी वाट आमच्या पिग्मी एजंटची. तो गावोगाव फिरतो, त्याला सांगायचे, “भाऊ, सासूबाईंचे गुडघे फार दुखतायत, येताना एवढ्या घेऊन ये.” तो बिचारा अजूनही सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करतो.

माझं मला कधी कळलं तेही सांगते, कारण तीच खूण सगळ्यात पक्की आहे. मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, कराडला. गोळ्यांची पर्स घरी राहिली. हळदीच्या दिवशी दुपारपासून जांभया सुरू झाल्या, एकीवर एक, जबडा दुखेपर्यंत. नाक-डोळे वाहायला लागले. मेच्या उकाड्यात हातावर काटा. रात्री पोटात मुरडा, चार वेळा उठले, आणि पाय एका जागी ठरेनात. गादीवर टाचा घासत पडले होते. बायका म्हणाल्या, सर्दी बाधली, काढा घे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी साडी नेसून, लग्नघर सोडून रिक्षानं मेडिकल शोधत फिरले. एकानं दिली. तासाभरात सर्दी गेली.

कुठली सर्दी तासाभरात जाते? तिथेच मला समजलं. समजूनही पुढे सव्वा वर्ष गप्प बसले, कारण या गावात व्यसनी म्हटलं की गुत्त्याबाहेर पडलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. काठपदराची साडी नेसलेली बाई येत नाही. घरी मला घाम सुटायचा, झोप उडायची, कुणावरही खेकसायची. सगळे म्हणाले, पाळी जायचं वय झालं. मीही तेच म्हणायचे. केवढी सोय झाली होती त्या वयाची!

मग मार्चएन्डला, भर गर्दीत, मला खिडकीतच आकडी आली. जीभ चावली गेली, रोजकीर्दीवर रक्त सांडलं. ते पान अजून तसंच आहे. मला मोठ्या शहरात नेलं. मेंदूचा फोटो निघाला, आलेख निघाला, दोन्ही स्वच्छ. फिटची गोळी सुरू झाली. ट्रामाडॉल जास्त झालं की आकडी येऊ शकते हे औषधशास्त्रात माहीत असलेलंच आहे. त्यातून वर्षभरापूर्वी आपल्याच गावातल्या एका डॉक्टरांनी मला उदासपणाची गोळी लिहून दिली होती. त्या जातीच्या काही गोळ्या ट्रामाडॉलबरोबर घेतल्या की धोका आणखी वाढतो. पण तीन ठिकाणच्या मिळून पाच डॉक्टरांपैकी एकानंही विचारलं नाही की बाई, आणखी काय काय घेता? मी सांगितलं नाही, हा माझा गुन्हा. पण न विचारणं हे कुणाच्या खात्यावर टाकायचं?

विचारलं ते एका सिस्टरनं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, मानसिक आजारांच्या ओपीडीबाहेर, नाव नोंदवताना. माझ्या जांभया ती बघत असावी. पेन थांबवून हळूच म्हणाली, “ताई, कसली गोळी चुकली की असं होतं?” मी रडायला लागले. एवढंच. तीन वर्षांत पहिला नेमका प्रश्न.

तिथे बारा दिवस राहिले. गोळी एका झटक्यात तोडली नाही, पायरीपायरीनं उतरवली. अंगाची तगमग कमी व्हावी म्हणून वेगळी औषधं, रोज रक्तदाब. काही जणांना ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ही तगमग आवरणारी जिभेखाली ठेवायची गोळी, दीर्घकाळ देतात. मला तिची गरज लागली नाही, शेजारच्या खाटेवरच्या ट्रकड्रायव्हरला लागली. तो आणि मी रात्री दोन वाजता व्हरांड्यात येरझारा घालायचो, कारण दोघांचेही पाय थांबत नव्हते. झोप रुळावर यायला चार महिने गेले. आता वर्ष झालं.

हे सगळं माझं झालं. आता तुमचं.

पहिली तक्रार वहीची. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-वन, म्हणजे वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची सरकारी यादी, लागू आहे. ट्रामाडॉल त्या यादीत आहे. विकताना वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे, आणि ती वही तीन वर्षं जपायची. मी बरी होऊन आल्यावर तुमच्यातल्याच एका भल्या माणसाला म्हटलं, माझं नाव शोधून दाखवा. त्यांनी दाखवलं. माझं नाव एकदाच आहे, ऑपरेशनच्या आठवड्यातलं. बाकीच्या शेकडो पट्ट्या कुणाच्या नावावर गेल्या? अहो, माझ्याकडे पन्नास रुपयांचं व्हाउचर सापडलं नाही तर मी सातपर्यंत घरी जात नाही. वहीतला रिकामा रकाना म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये. वही नीट भरली असती तर सहाव्या महिन्यात पानावर दिसलं असतं की ही बाई फार गोळ्या नेते. वही इन्स्पेक्टरसाठी नाही, माझ्यासाठी होती.

दुसरी तक्रार डॉक्टरांची, आणि ती वर अर्धी होऊन गेली. सुरू करायची तारीख लिहिता, बंद करायची का लिहीत नाही? स्टेरॉइडची मात्रा कशी उतरवायची ते कागदावर लिहून देता. या गोळीला ते का नाही?

तिसरी तक्रार तुमच्या नव्या पाटीची, आणि खरं तर पत्र तिच्यासाठीच आहे. माझ्यासारखीनं या पाटीचं स्वागत करावं असं तुम्हाला वाटत असेल. मी विरोध करतेय. त्या पाटीनं कुणाची गोळी सुटत नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. चांगलं केलं, पण सवय लागलेल्या माणसाला सवय उरतेच. ज्याची गोळी सोमवारी संपली तो मंगळवारी रात्री कराडच्या माझ्यासारखा गादीवर टाचा घासतो, आणि बुधवारी टॅपेंटाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा पेंटाझोसीनचं इंजेक्शन शोधत फिरतो. ही सगळी त्याच अफूच्या घराण्यातली. इंजेक्शननं मांडीची कातडी दगडासारखी झालेला माणूस मी दवाखान्यात पाहिलाय.

आणि उलट बाजूही बघा. कॅन्सरचं दुखणं असलेला, नुकतंच ऑपरेशन झालेला, यांनी कुठं जायचं? १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर कागदपत्रांच्या भीतीनं दवाखाने मॉर्फिन ठेवीनासे झाले. कॅन्सरचे पेशंट तळमळत राहिले, आणि तो कायदा सुधारायला २०१४ उजाडलं. तीच चूक आपण तालुक्यापुरती पुन्हा करतोय. एका ओळीत एक खुलासाही करते, कारण पाटीवरच्या ‘तत्सम’ या शब्दानं घोळ वाढवलाय : पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांची अशी सवय लागत नाही. जास्त घेतल्या तर त्या यकृत, पोट, किडनी बिघडवतात, तो वेगळा विषय. परवा एका आजीला तापाची गोळीसुद्धा ‘बंद झालीय’ म्हणून परत पाठवलं.

‘आपल्या गावात कुठं आहेत’ असं म्हणणाऱ्यांसाठी एकच आकडा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १ टक्का लोक औषधांच्या रूपातले अफूवर्गीय पदार्थ वापरतात, असं त्यात आहे. हा देशाचा आकडा आहे, आपल्या गावाला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे शून्य असेल, हे कशावरून?

तुम्ही परत पाठवलेलं पोस्टर इथे उतरवते, म्हणजे निदान इथे तरी वाचलं जाईल :

‘दुखणं बरं झालं तरी गोळी चालू आहे का? तेवढाच परिणाम व्हायला पूर्वीपेक्षा जास्त गोळ्या लागतात का? गोळी चुकली की जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, पायांची तगमग होते आणि घेतली की थांबते का? दुखण्यासाठी नाही तर मन हलकं व्हावं, झोप यावी म्हणून घेता का? वेगवेगळ्या दुकानांतून आणता का? घरात लपवून ठेवता का? किती घेतल्या हे विचारलं की खोटं सांगता का? कमी करायचं ठरवून जमलं नाही असं झालंय का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांना हो म्हणालात तर गोळी स्वतःहून एकदम तोडू नका. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, रात्रीही, मराठीत. माणूस उठता उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, तर वाट न बघता १०८.’

यात बिचकण्यासारखं काय आहे, ते कृपया लेखी कळवा.

घरच्यांसाठी पोस्टरवर जागा नव्हती म्हणून इथे : पट्ट्या मोजत बसू नका, कचऱ्यातली रिकामी वेष्टणं बघा. माझी मुलगी तसंच म्हणाली नंतर, “आई, मला वेष्टणं दिसत होती, पण तुला विचारायची लाज वाटली.” ज्यांना डॉक्टरांनीच कॅन्सरसारख्या आजारात ही औषधं दिलीत त्यांच्या शरीराला सवय होईलच, ते व्यसन नव्हे. त्यांच्या गोळ्या लपवू नका. आणि पोलीस केसची भीती बऱ्याच जणांना असते, मलाही होती. अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-अ हे कलम आहे : व्यसनी माणूस थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात अडकला आणि स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, तिथे बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. हे मला कुणी तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर रोजकीर्दीचं ते पान कोरं राहिलं असतं.

मागण्या अशा.

पाटी काढा. चिठ्ठी असलेल्याला गोळी मिळालीच पाहिजे, नसलेल्याला मिळता कामा नये. कायदा एवढंच मागतो, त्याहून जास्त नको आणि कमीही नको.

वही भरा, आणि महिन्यातून एकदा चाळा. एकच नाव तिसऱ्यांदा आलं की त्या माणसाला बाजूला घेऊन विचारा. ओरडू नका, गर्दीसमोर तर नाहीच. “किती दिवस झाले हो घेताय?” एवढं पुरे. वाक्य अवघड वाटलं तर त्या सिस्टरचं उसनं घ्या.

डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर शेवटची तारीख घाला. आकडी आलेल्या, झोप न येणाऱ्या, सारख्या जांभया देणाऱ्या पेशंटला घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीतून आणायला सांगा. पाळीवर ढकलण्याआधी निदान एकदा.

सध्या ज्यांची गोळी तुमच्या ठरावामुळे एकाएकी तुटलीय त्यांच्यासाठी गावातल्या दोन डॉक्टरांनी पुढे यावं. जिल्ह्याच्या दवाखान्याशी बोलून मात्रा उतरवण्याची सोय करावी, आणि ती होईपर्यंत मेडिकलवाल्यांनी नकार देताना हातात नुसता नकार न देता नंबर लिहिलेला कागद द्यावा. हे या आठवड्यात व्हायला हवं, बाकीचं महिनाभरात झालं तरी चालेल.

आणि पोस्टर लावा. जागा नसेल तर पाटी काढल्यावर काचेवर तेवढीच जागा रिकामी होईल, मी मोजलीय.

पुढची बैठक पंधरा तारखेला आहे असं कळतं. विषयपत्रिकेवर घ्यायला अर्ज दहा दिवस आधी लागतो, तो मी आज पुन्हा दिलाय, पोच घेतलीय. काही विचारायचं असेल तर साडेदहा ते पाच दुसऱ्या खिडकीवर या. पोस्टरच्या पंचवीस प्रती ड्रॉवरमध्ये आहेत, चिकटपट्टीसकट.

आपली,
रोजचा भरणा मोजणारी